ज्ञानाच्या दाराला पुन्हा कुलूप लावता येते काय?

संगणक शिकला म्हणजे नोकरी मिळाली, असा एक समज आपल्याकडे रूढ झालेला आहे. मुलगा टायपिंग करू लागला, माऊस फिरवू लागला की आईबापाला धन्यता वाटते. परंतु त्या यंत्राच्या पोटात काय चालते आणि ते पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आम्हास तो महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच आज एका रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधीत आहोत. तो विषय म्हणजे लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमसाठी घडविली गेलेली ‘ग्लोबल फाइल सिस्टीम’, अर्थात जीएफएस.

फाइल सिस्टीम म्हणजे संगणकाचे दप्तर. कोणती माहिती डिस्कवर कोठे ठेवली, याची नोंद ती ठेवते. एक संगणक आणि त्याची एक डिस्क असेल तर काम सोपे असते. परंतु दहा संगणकांनी मिळून एकच डिस्क वापरायची ठरविली तर? एका रजिस्टरमध्ये दहा कारकून एकाच वेळी लिहू लागले, तर एकाने खोडलेली नोंद दुसरा खरी मानून पुढे लिहील आणि सगळ्याच दप्तराचा चुथडा होईल. त्यातच प्रत्येक संगणक वाचलेल्या पानाची नक्कल आपल्या मेमरीत ठेवतो, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

यावर उपाय म्हणजे कुलूप. वाचणाऱ्यांना एकत्र वाचता येते, परंतु लिहिणारा मात्र एका वेळी एकच. दुसऱ्याला लिहायचे असेल तर पहिल्याने आपले बदल डिस्कवर उतरवून हातची नक्कल टाकून द्यायची, मगच कुलपाचा ताबा सोडायचा. सुरुवातीला हे कुलूप डिस्कच्याच आत ठेवण्याची कल्पना होती. पुढे ते काम सॉफ्टवेअरकडे आले.

खरी कसोटी याच्याही पुढे आहे. कुलूप हातात असतानाच एखादा संगणक गप्प झाला तर तो मेला की नुसता अडकला, हे इतरांना कळत नाही. मेला समजून कुलूप दुसऱ्याला दिले आणि तो मध्येच जागा होऊन लिहू लागला, तर सर्वनाश ठरलेला. म्हणून आधी त्याची वीज तोडायची किंवा डिस्ककडे जाणारी त्याची वाट बंद करायची. प्रत्येक संगणकाचा एक वेगळा रोजनामा डिस्कवरच असतो. मग दुसरा संगणक तो वाचून अर्धवट राहिलेले काम मार्गी लावतो. असे दप्तर ज्याच्या भरवशावर चालते, त्याला ते उघडून तपासता आले नाही, तर तो कंपनीचा ग्राहक नव्हे, ओलीस ठरतो.

आता या दप्तराचा इतिहास पाहा. १९९५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक मॅथ्यू ओकीफ व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केले. आरंभी ते सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या आयरिक्सवर चालत असे. १९९८ च्या सुमारास ते लिनक्सवर आणले गेले, कारण लिनक्सचा कोड सर्वांसाठी खुला होता आणि त्यावर काम करणे सोयीचे होते. पुढे सिस्टिना सॉफ्टवेअर ही कंपनी निघाली. काही काळ जीएफएस मुक्त राहिली आणि २००१ साली कंपनीने तिला बंद मालाचे रूप दिले. ज्यांनी दुसऱ्याच्या उघड्या दारातून प्रवेश केला, त्यांनीच आपले दार लावून घेतले!

परंतु याठिकाणी परवान्याचे महत्त्व कळते. मालकाला नवी आवृत्ती बंद करता आली, तरी जीपीएल परवान्याखाली एकदा दिलेली जुनी आवृत्ती परत घेता आली नाही. तीच उचलून काही मंडळींनी ‘ओपनजीएफएस’ सुरू केली. डिसेंबर २००३ मध्ये रेड हॅट कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर किमतीचे शेअर देऊन सिस्टिना विकत घेतली आणि जून २००४ मध्ये जीएफएसचा कोड पुन्हा जीपीएलखाली खुला केला. तिची सुधारलेली आवृत्ती, जीएफएस२, नोव्हेंबर २००६ मध्ये लिनक्स कर्नेल २.६.१९ मध्ये दाखल झाली. त्याच वर्षी ओरॅकलची ओसीएफएस२ ही तशीच फाइल सिस्टीम कर्नेल २.६.१६ मध्ये आली होती.

रेड हॅटने हे धर्मादाय म्हणून केले, असा आमचा भ्रम नाही. ती कंपनी सेवा विकून पैसा कमावते. तरीही आम्हास यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. पहिली, कोणाच्या दानतीवर विसंबून राहण्यापेक्षा लेखी हक्क कधीही श्रेष्ठ. दुसरी गोष्ट कटू आहे. ओपनजीएफएसकडे हक्क होता, परंतु तो राबविणारे हात थोडे होते, म्हणून जीएफएस खऱ्या अर्थाने सर्वांची व्हायला एका धनाढ्य कंपनीची वाट पाहावी लागली. कागदावरचा हक्क वापरणारी माणसे नसतील तर तो कागदावरच राहतो.

आज हा कोड वाचायला पैसा लागत नाही, की कोणाची शिफारस लागत नाही. एकाच साध्या संगणकावर दोन आभासी संगणक उभे करून असा समूह घरबसल्या चालवून पाहता येतो. अडचण आहे ती इंग्रजीची, सवडीची आणि मार्गदर्शनाची. ती खोटी नाही. परंतु वसतिगृहात किंवा वाचनालयात चार होतकरू तरुणांनी सी भाषेचे पुस्तक घेऊन आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र बसायचे ठरविले, तर ती ओलांडता येणार नाही, असे आम्हास वाटत नाही. दार उघडे आहे. आत पाऊल टाकायचे की उंबऱ्यावर बसून टायपिंगच करीत राहायचे, हे आपण ठरवायचे आहे.