भंगलेल्या पायऱ्यांची छायाचित्रे

पावसाळा सरून हवा निवळली म्हणजे कळंबोलीतील आमच्या इमारतीच्या गच्चीवरून, लोखंड बाजाराची पत्र्याची छपरे आणि द्रुतगती महामार्गाच्या तोंडाशी खोळंबलेल्या मालमोटारींची रांग यांच्या पलीकडे, दक्षिणेच्या क्षितिजावर कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा दिसतो. आणि इतकी वर्षे तो पाहत असूनही, १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांच्या हवाली करावा लागला, १६७० मध्ये तो परत घेतला गेला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने तो कंपनी सरकारच्या अंमलाखाली आणला, याची आठवण त्या दर्शनाने मला कधी करून दिलेली नाही. दुरून तो केवळ सुंदर दिसतो. युद्धाने घायाळ झालेल्या भूमीचे छायाचित्रण करू पाहणाऱ्या कलावंताची सारी अडचण या सौंदर्यातच आहे, कारण माणसे विसरण्याच्या कितीतरी आधी डोंगर विसरतात, आणि कॅमेऱ्याला तर समोर असेल तेवढेच दिसते.

या कलेचा आरंभ क्रिमियाच्या युद्धात झाला असे मानण्याचा प्रघात आहे. १८५५ मध्ये रॉजर फेंटनने सेव्हास्तोपोलजवळच्या एका उजाड घळीची दोन छायाचित्रे घेतली. एकात तोफेचे गोळे रस्त्यावर विखुरलेले आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा असून गोळे कडेच्या चरात पडलेले आहेत. यांपैकी आधीचे कोणते, आणि गोळे कोणी मुद्दाम रस्त्यावर मांडले काय, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मला मात्र त्या वादापेक्षा हे महत्त्वाचे वाटते की त्या घळीत एकही माणूस नाही, आणि तरीही मरणाचा वावर तेथे स्पष्ट जाणवतो. तीनच वर्षांनी लखनौला आलेल्या फेलिचे बिआतोचा अशा निर्जनतेवर विश्वास नव्हता. नोव्हेंबर १८५७ च्या कत्तलीनंतर काही महिन्यांनी त्याने सिकंदरबागेचे जे चित्र घेतले, त्यात अंगणभर मानवी हाडे पसरलेली आहेत, आणि ती चित्रासाठीच तशी पसरली गेली असे अभ्यासक मानतात. नानासाहेबांच्या वेढ्यात चाळण झालेल्या कानपूरच्या बराकीही त्यानेच टिपल्या. तेथे मात्र काही मांडावे लागले नाही. भिंतीच पुरेशा बोलक्या होत्या.

आपल्याकडे हे यंत्र उशिरा आले असे कोणी समजू नये. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्येच, आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. १८१८ च्या मे महिन्यात प्रॉथरच्या तोफांनी रायगडावर मारा केला, दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन वाडे आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि १० मे रोजी गड शरण आला, या घटनेला तेव्हा अवघी छत्तीस वर्षे लोटली होती. आकाशात चढलेला तो धूर बालपणी डोळ्यांनी पाहिलेली माणसे पायथ्याच्या गावांत अजून हयात असावीत. छायाचित्रकाराला याहून अनुकूल काळ कोणता?

पुढे १८७६ मध्ये गोव्याचे डॉक्टर जर्सन द कुन्या यांनी चौल आणि वसई यांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ सतरा छायाचित्रांसह प्रसिद्ध केला. वसईचे ते अवशेष मला विशेष अस्वस्थ करतात, कारण ती जखम परक्याने केलेली नव्हे. चिमाजी अप्पांच्या सैन्याने १७३९ मध्ये सुरुंग लावून तेथला बुरूज फोडला, त्या खिंडारात आपली माणसेही अपरिमित पडली, आणि तेथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आल्या, त्यांतली एक वाईजवळ मेणवलीस आजही आहे. परंतु वसईच्या कोणत्याही चित्रासमोर उभे राहिले म्हणजे प्रश्न पडतो की ही भिंत तोफेने पाडली, वडाच्या मुळांनी पाडली, की दगड वाहून नेणाऱ्यांनी? छायाचित्र उत्तर देत नाही. ते चिरे दाखवते, चिरे ढासळण्याचे कारण दाखवीत नाही.

आपल्या काळात गड टिपण्याचे काम आकाशातून झाले. गोपाळ बोधे यांनी हवाई छायाचित्रणात घातलेले श्रम आणि उद्धव ठाकरे यांचे २०१० चे 'महाराष्ट्र देशा' यांनी घरोघरच्या मराठी माणसाला गडांचा खरा विस्तार प्रथमच दाखवला, आणि हे ऋण मी मनापासून मानतो. तथापि उंचावरून गड अखंड दिसतो. तट हिरव्या शालीच्या काठासारखा भासतो आणि शाल कोठे फाटली ते झाकले जाते. उंची हीच काही याची सबब नव्हे. फ्रान्सच्या सोफी रिस्तेलह्यूबर यांनी १९९१ च्या युद्धानंतर कुवेतचे वाळवंट टिपले. त्यातली पुष्कळशी चित्रे हवाईच आहेत, पण त्यांतले खंदक आणि चाकोऱ्या कातडीवरच्या टाक्यांसारख्या दिसतात. प्रश्न, काय शोधायचे, याचा आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने रायगड, साल्हेर, जिंजी धरून बारा किल्ल्यांना 'मराठा लष्करी भूदृश्ये' म्हणून जागतिक वारसा ठरवले. त्या यादीत कर्नाळा नाही, आणि इंग्रजांनी सुरुंगांनी पायऱ्यांच्या वाटा उडवल्याचे जेथे सांगितले जाते ते अलंग-मदनही नाहीत. एखाद्या मराठी छायाचित्रकाराने एक उन्हाळा केवळ या भंगलेल्या पायऱ्यांना द्यावा अशी माझी फार इच्छा आहे. खालून कोरीव पायऱ्या चढत याव्यात, मध्येच कातळ उघडाबोडका व्हावा आणि पुरुष-दोन पुरुष वर पुन्हा पायऱ्या सुरू व्हाव्यात. त्या मधल्या रिकाम्या जागेत शिबंदी, किल्लेदार आणि राज्य असे सारेच गडप झालेले आहे.

आणि हे चित्र पावसाळ्यात घेऊ नये. गवत सगळेच क्षमा करते. शिवाय या पनवेल तालुक्यात दृष्टी फसण्याचे आणखी एक कारण आहे: येथे खडी-खाणींसाठी डोंगर रोज फोडले जातात, विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी कापली गेली, आणि कातळात सुरुंगासाठी पाडलेले भोक युद्धातले काय, शांततेतले काय, सारखेच गोल असते.

गेल्या वैशाखात मी साधा कॅमेरा घेऊन कर्नाळ्याच्या दरवाजापाशी तासभर बसलो होतो. गवत करपून गेले होते, महामार्गाची घरघर खालून ऐकू येत होती, आणि उंबऱ्याच्या डावीकडचा एक चिरा, मुळापासून निखळून, आतल्या अंगाला तोंड करून पडला होता. मी त्याची सात छायाचित्रे घेतली. एकातही तो निव्वळ दगडाहून वेगळा दिसत नाही. येत्या उन्हाळ्यात, सकाळचे तिरपे ऊन असताना, पुन्हा जाणार आहे.