दोन चाकांवरून चार चाकांवर

वर्गात मोटारसायकलचा विषय निघाला की मागच्या बाकांवरची मुलेही सावरून बसतात. कोणाच्या भावाने हायवेवर किती वेग गाठला, याच्याच बढाया चालतात. अशा वेळी आम्ही त्यांना जॉन सर्टीसची हकिकत सांगतो.

हा इंग्लंडचा. जन्म 1934 चा. वडिलांचे मोटारसायकलींचे दुकान होते आणि ते स्वतः साइडकारच्या शर्यतींत उतरत. चौदा वर्षांचा जॉन एकदा त्यांच्या साइडकारमध्ये बसला आणि बापलेकांनी शर्यत जिंकली. पण मुलाचे वय कमी असल्याचे समजताच त्यांना बाद ठरवण्यात आले! पुढे व्हिन्सेंटच्या कारखान्यात तो शिकाऊ म्हणून लागला. हात काळे करून यंत्र शिकलेला हा स्वार होता, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो.

इटलीच्या एमव्ही अगुस्ता गाडीवर 1956 मध्ये 500 सीसी गटाचे जगज्जेतेपद त्याला मिळाले. मग 1958, 1959 आणि 1960 अशी सलग तीन वर्षे 350 आणि 500 सीसी हे दोन्ही किताब त्याचेच. म्हणजे एकूण सात.

आणि इथेच तो वळला. 1960 मध्ये, मोटारसायकलचे किताब अजून हातात असताना, तो फॉर्म्युला वनच्या मोटारीत बसला आणि दुसऱ्याच शर्यतीत, सिल्व्हरस्टोनला, दुसरा आला. पुढे फेरारीने त्याला घेतले. 1964 ची अखेरची शर्यत मेक्सिकोत होती. आघाडीवरच्या जिम क्लार्कच्या इंजिनाने शेवटी शेवटी दगा दिला, संघातल्या बांदिनीने सर्टीसला पुढे जाऊ दिले, आणि ग्रॅहम हिलपेक्षा अवघा एक गुण जास्त मिळवून तो विश्वविजेता ठरला. दोन चाकांवर आणि चार चाकांवरही जगज्जेता झालेला माणूस आजतागायत तो एकटाच.

पुढच्याच वर्षी कॅनडात मोस्पोर्टला सरावात गाडी आदळून तो जबर जखमी झाला. तरी 1966 च्या जूनमध्ये बेल्जियममधील स्पाची शर्यत त्याने जिंकली. लगेच फेरारीशी बिनसले व तो बाहेर पडला. मानी माणूस, पटले नाही की तोंडावर सांगून मोकळा. होंडाच्या गाडीतून 1967 मध्ये त्याने मोंझाला, फेरारीच्याच अंगणात, शर्यत जिंकली.

इथवर मुले टाळ्या वाजवतात. पण आम्ही गोष्ट इथे थांबवत नाही. 2009 मध्ये ब्रँड्स हॅचच्या शर्यतीत दुसऱ्या गाडीचे निखळलेले चाक डोक्यावर आदळून त्याचा मुलगा हेन्री गेला. वय अठरा. हेन्रीची यात काही चूक नव्हती. शिरस्त्राण, पट्टे, बंदिस्त ट्रॅक, डॉक्टर, सगळे हजर होते.

हायवेवर यातले काय असते, असे आम्ही विचारतो. वर्ग गप्प होतो.

सर्टीसने मुलाच्या नावाने संस्था काढली. अपघातात मेंदूला इजा झालेल्यांना ती मदत करते. 2017 च्या मार्चमध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. परवा मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "सर, त्या बापाने नंतर शर्यती बघितल्या असतील का?"