एसक्यूएल जॉइनमुळे उधारीचा आकडा कसा चुकतो? तीन बिलांत समजून घ्या

एसक्यूएल शिकायला लागलं की सिलेक्ट, व्हेअर, ऑर्डर बाय लवकर हाताला बसतं. खरी परीक्षा पुढे असते, जेव्हा दोन टेबलं जोडून धंद्यातल्या प्रश्नाचं उत्तर काढायचं असतं. उदाहरणार्थ, "आपली उधारी किती अडकली आहे?" इथे क्वेरी चुकली तरी एरर येत नाही. व्यवस्थित आकडा येतो, फक्त तो खोटा असतो. आणि त्याच आकड्यावर दुकानदार ठरवतो की वसुलीसाठी कोणाला फोन करायचा आणि पुढचा माल किती भरायचा.

चला, तीनच बिलं घेऊन बघूया. एवढा हिशोब तोंडी होतो, त्यामुळे चूक लगेच पकडता येते.

आपला डेटा

बिलांचं टेबल:
- बिल 101: 1,200 रुपये
- बिल 102: 800 रुपये
- बिल 103: 1,500 रुपये

जमा रकमेचं टेबल:
- बिल 101: 500 रुपये, यूपीआय
- बिल 101: 700 रुपये, रोख
- बिल 102: 800 रुपये, यूपीआय

बिल 103 पूर्ण उधार आहे. म्हणजे विक्री 3,500, जमा 2,000 आणि उधारी 1,500. हे खरं उत्तर लक्षात ठेवा.

दोन टेबलं कशाला, असं वाटेल. एका बिलाचे पैसे कितीही हप्त्यांत येऊ शकतात, म्हणून जमा वेगळी ठेवतात. एका गोष्टीची नोंद एकाच जागी ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा जोडायची, हा विचार आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमधून आला.

पहिला प्रयत्न: साधा जॉइन

बिल नंबरवर इनर जॉइन लावला आणि दोन्ही रकमांची सम काढली. बिल 101 ला दोन जमा नोंदी आहेत, त्यामुळे ते दोनदा आलं. बिल 103 ला एकही नोंद नाही, म्हणून ते गायबच झालं. विक्री आली 1,200 + 1,200 + 800 = 3,200. जमा 2,000. उधारी 1,200.

गंमत बघा, 3,200 हा आकडा 3,500 च्या इतका जवळ आहे की कोणाला शंकाही येणार नाही. पण ज्या गिऱ्हाइकाकडून पैसे यायचे आहेत, तोच यादीत नाही!

दुसरा प्रयत्न: लेफ्ट जॉइन

लेफ्ट जॉइन लावला की बिल 103 परत येतं, पण बिल 101 अजूनही दोनदाच. विक्री 4,700, उधारी 2,700. इथे बरेच जण सममध्ये डिस्टिंक्ट टाकतात. या तीन बिलांत उत्तर बरोबरही येईल. पण उद्या 800 चीच दोन बिलं झाली, तर डिस्टिंक्ट त्यातलं एक खाऊन टाकेल.

योग्य पद्धत: आधी बेरीज, मग जॉइन

1. जमा टेबलवर ग्रुप बाय लावून प्रत्येक बिलाची एकूण जमा काढा. आता 101 साठी एकच ओळ: 1,200.
2. या निकालाला विथ वापरून तात्पुरतं नाव द्या.
3. मग बिलांच्या टेबलला तो लेफ्ट जॉइनने जोडा.

आता प्रत्येक बिल एकदाच येतं. तरी एक खड्डा बाकी आहे. बिल 103 समोर जमा शून्य नाही, नल आहे. 1,500 वजा नल म्हणजे पुन्हा नल, आणि सम नल सोडून देते. म्हणजे वजाबाकीची बेरीज केली तर एकूण उधारी येईल शून्य! म्हणून वजाबाकी करण्याआधी कोअलेस वापरून नलच्या जागी 0 घ्या. मग येतात बरोबर 1,500.

गिऱ्हाइकाची खतावणी

पासबुकात प्रत्येक नोंदीपुढे शिल्लक असते, तशी यादी हवी असेल तर जॉइनची गरजच नाही. बिलं अधिक आणि जमा वजा धरून दोन्ही यादी युनियन ऑलने एकाखाली एक लावा. नुसतं युनियन नको, कारण ते अगदी सारख्या ओळी एकच धरतं. मग सम ओव्हर लावा: पार्टिशन बाय गिऱ्हाईक, ऑर्डर बाय तारीख आणि नोंद क्रमांक. नोंद क्रमांक दिला नाही, तर एकाच तारखेच्या सगळ्या ओळींपुढे दिवसाअखेरची शिल्लक दिसते. नोंद क्रमांक मात्र दोन्ही यादींत मिळून वेगळे असायला हवेत.

याला विंडो फंक्शन म्हणतात. ग्रुप बाय ओळी एकत्र करून टाकतं, विंडो फंक्शन प्रत्येक ओळ तशीच ठेवून तिच्यापुढे हिशोब मांडतं. मायएसक्यूएलमध्ये ही सोय 8.0 पासून आहे आणि एसक्यूलाइटमध्ये 3.25 पासून. दोन्ही आवृत्त्या 2018 मधल्या.

ताळा कसा करायचा?

- जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजा. बिलं तीन आणि ओळी चार असतील, तर तिथेच थांबा.
- एकूण विक्री फक्त बिलांच्या टेबलवरून वेगळी काढा आणि जुळते का बघा.
- ज्या बिलाला एकही जमा नाही असं एक बिल हाताने शोधा आणि ते निकालात आहे का तपासा.

सराव करायला लॅपटॉपच हवा असं नाही. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत एसक्यूलाइट आधीपासून असतं, आणि त्यावर क्वेरी चालवू देणारी अ‍ॅप्सही मिळतात. वरचीच तीन बिलं भरा आणि आधी मुद्दाम चुकीची क्वेरी चालवा. 3,200 हा आकडा एकदा स्वतःच्या स्क्रीनवर बघितलात, की पुढे कोणताही जॉइन ताळा केल्याशिवाय कोणाच्या हातात देणार नाही.