कन्सोल मेला नाही, अडकलाय : बूट एरर शोधण्याचा पाठ



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञानाची पद्धत शिकवायला फार उपयोगी आहे. सेकंडहँड घेतलेला निन्टेन्डो स्विच घरी येतो. आधीच्या मालकाने त्यात कस्टम फर्मवेअर टाकलेलं असतं. काही महिने छान चालतो आणि एक दिवस बटण दाबलं तरी स्क्रीन काळीच. कुणी सांगतो "बोर्ड गेला", कुणी सांगतो "कार्ड फॉरमॅट मार". पहिल्या सल्ल्यात पैसे जातात, दुसऱ्यात मुलाने वर्षभर खेळून साठवलेले गेम जातात. खरं तर अशा वेळी बिघाड पुष्कळदा मेमरी कार्डात किंवा त्यावरच्या फाइलींत असतो.

आपल्या भिवंडीच्या मुलांना हे मागावरून लगेच समजतं. यंत्रमाग थांबला की कारागीर आधी मोटर उघडायला बसत नाही. धोट्यातली कांडी संपली का, बाणा तुटला का, ताण्याचा धागा गेला का, असं क्रमाने बघतो. माग कुठे थांबला यावरूनच त्याला कारण कळतं. कन्सोलचंही तसंच आहे.

बूट म्हणजे काय?

बूट होणं म्हणजे एकामागून एक कड्या जोडल्या जाणं. प्रत्येक कडी पुढच्या कडीला तपासते आणि मगच काम तिच्या हाती देते.

स्विच मार्च २०१७ मध्ये बाजारात आला. त्यात एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ ही चिप आहे. तिच्यातली पहिली कडी म्हणजे बूटरॉम. ती कारखान्यातच कोरलेली असते, नंतर कुणालाच बदलता येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये या बूटरॉममधला एक दोष जाहीर झाला. यूएसबीने जोडून, रिकव्हरी मोडमध्ये (याला आरसीएम म्हणतात) बाहेरचा छोटा प्रोग्रॅम चालवता येतो, असा तो दोष. या छोट्या प्रोग्रॅमला पेलोड म्हणतात. विकून झालेल्या कन्सोलमध्ये हा दोष दुरुस्त करणं शक्यच नव्हतं. पुढे निघालेल्या मॉडेलमध्ये तो बंद केला, म्हणून त्यांत वेगळी चिप सोल्डर करावी लागते.

जुन्या मॉडेलमध्ये कड्यांचा क्रम असा : बूटरॉम, मग पेलोड (बहुधा हेकाटे), मग मेमरी कार्डावरचं ॲटमॉस्फिअर हे कस्टम फर्मवेअर, मग निन्टेन्डोची मूळ सिस्टीम आणि शेवटी होम मेनू.

यातच दिलासा आहे. पहिली कडी पुसता येत नाही, त्यामुळे पुढचं सगळं बिघडलं तरी हार्डवेअर ठीक असेल तर आत शिरायचा रस्ता शिल्लक राहतो.

कुठे थांबलं ते बघा

१. स्क्रीन पूर्ण काळी. हा मेलेला कन्सोल असेलच असं नाही. काही जण ऑटोआरसीएम नावाची सोय चालू करून ठेवतात. मग बटण दाबलं की कन्सोल थेट रिकव्हरी मोडमध्ये जातो आणि पेलोडची वाट बघत बसतो. स्क्रीन काळीच, पण आत बॅटरी उतरत राहते. खात्री करायला संगणकाला जोडा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एपीएक्स' नावाचं उपकरण दिसलं तर कन्सोल जिवंत आहे, पेलोड पाठवा. काहीच दिसलं नाही तर पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा, सोडा आणि चांगल्या चार्जरवर काही तास ठेवा. दुसरी केबलही लावून बघा. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात.

२. हेकाटे उघडतं, पण कार्ड सापडत नाही किंवा फाइल नाही असं सांगतं. इथे संशय कार्डावर. कार्ड एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर स्विचवर फाइली खराब व्हायची शक्यता जास्त, म्हणून फॅट३२ बरं. दुसरा संशय नकली कार्डाचा. वर ५१२ जीबी छापलेलं, आत जागा त्याच्या कितीतरी कमी. खरी जागा भरेपर्यंत सगळं ठीक दिसतं, पुढचं लिहिलेलं हरवतं. एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम कार्डावरची मोकळी जागा भरून परत वाचून बघतो, त्यात लबाडी उघडी पडते. अर्थात हे कार्डावरचं सगळं आधी संगणकावर उतरवून घेतल्यावरच.

३. हेकाटे चालतं, पण पुढे सुरू करताच 'अननोन पीकेजी१ व्हर्जन' असा संदेश येतो. याचा साधा अर्थ : निन्टेन्डोची सिस्टीम अपडेट झाली आणि हेकाटे जुनंच राहिलं. नव्या कुलपाला जुनी किल्ली. हेकाटे आणि ॲटमॉस्फिअर दोन्ही त्या सिस्टीमला चालणाऱ्या आवृत्तीचे घ्या, एक नवं एक जुनं असं ठेवू नका.

४. ॲटमॉस्फिअरचं चिन्ह दिसतं आणि मग एरर येते. इथे बहुतेकदा वरून टाकलेली जोडणी दोषी असते, म्हणजे एखादं मॉड्यूल किंवा सजावटीची थीम. अपडेटनंतर जुनी थीम होम मेनूला पाडते, हे नेहमीचंच. कार्डावरच्या 'ॲटमॉस्फिअर' फोल्डरात 'कन्टेन्ट्स' नावाचा फोल्डर असतो. तो पुसू नका, फक्त नाव बदला. मग कन्सोल सुरू झाला तर चोर त्याच फोल्डरात आहे.

निम्मं-निम्मं करून चोर पकडा

समजा त्या फोल्डरात १६ जोडण्या आहेत आणि त्यातली एकच बिघडलेली आहे. एकेक तपासत बसलो तर पंधरा वेळा बूट करावं लागू शकतं. त्याऐवजी ८ ठेवा, ८ बाहेर काढा. चालला तर चोर बाहेरच्या ८ मध्ये, नाही चालला तर आतल्या ८ मध्ये. मग ४, मग २, मग १. चार फेऱ्यांत निकाल! ३२ असतील तर पाच फेऱ्या. २ चे घात शिकवताना फळ्यावर हेच उदाहरण मांडा, मुलं विसरणार नाहीत.

मुलांना वहीत चार रकाने आखायला सांगा : काय दिसलं, काय बदललं, मग काय दिसलं, त्यावरून काय ठरलं. नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या आणि कन्सोल चालू झाला, तर कशामुळे झाला हे कळत नाही. तोच बिघाड पुन्हा आला की आपण पुन्हा शून्यावर.

हे मात्र करू नका

• कार्डावरचं सगळं संगणकावर उतरवल्याशिवाय फॉरमॅट करू नका. काही जणांची पूर्ण सिस्टीमच कार्डावर नक्कल करून ठेवलेली असते. तिला इम्यूएमएमसी म्हणतात. कार्ड पुसलं की त्यातले साठवलेले गेमही गेले.

• दुसऱ्याच्या कन्सोलचा बॅकअप आपल्यात टाकू नका. आतली साठवण त्या-त्या कन्सोलच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद असते. मित्राची फाइल इथे चालत नाही, उलट नुकसान होतं.

• कन्सोल चालू असतानाच हेकाटेमधून आतल्या साठवणीचा बॅकअप घ्या, बूट० आणि बूट१ या छोट्या भागांसकट, आणि तो कार्डावर नव्हे, संगणकावर ठेवा. बिघाड झाल्यावर बॅकअपची आठवण येऊन उपयोग नाही.

पालकांसाठी एक स्पष्ट गोष्ट

हा लेख ज्या कन्सोलमध्ये आधीच कस्टम फर्मवेअर आहे त्यांच्यासाठी आहे. चांगल्या चालणाऱ्या कन्सोलवर मुद्दाम हा उद्योग करावा असं माझं म्हणणं नाही. निन्टेन्डो असे कन्सोल ऑनलाइन सेवेतून बंद करू शकते. शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं आहे. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षक कुलूप तोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. फुकटचे गेम उतरवणं त्यात येऊ शकतं, हे मुलांना घरीच समजावून सांगा. ओरडून नको. ओरडलं की पुढच्या वेळी बिघाड लपवला जातो आणि लपवलेला बिघाड वाढतो.

चारही टप्पे बघूनही काही हाती लागलं नाही, तर दुरुस्तीवाल्याकडे जरूर जा. पण जाताना ती चार रकान्यांची वही सोबत न्या. "चालत नाही" एवढंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला "बोर्ड गेला" हे उत्तर सहज मिळतं. "एपीएक्स दिसतं, हेकाटे उघडतं, कार्ड बदलूनही तिथेच थांबतं" असं सांगणाऱ्या मुलापुढे दुरुस्तीवाल्यालाही नीट तपासूनच बोलावं लागतं.