चूक मोजणारे यंत्र

जळगाव, बांभोरी, धुळे, शिरपूर या ठिकाणी आज अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयात शिकणारा मुलगा यंत्रमानवांच्या स्पर्धेपायी रात्री कार्यशाळेत काढू लागला, म्हणजे घरची वडील मंडळी साहजिकच विचारतात, "या खेळण्यांनी पोट भरणार आहे काय?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्यापूर्वी हे खेळणे चालते कसे, ते पाहिले पाहिजे.

आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची 'रोबोकॉन' स्पर्धा २००२ साली टोकियो येथे सुरू झाली. २००८ व २०१४ साली तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यास झाली. २००८ चा विषय आपल्या घरचाच होता : गोविंदा. मडक्यांतील लोणी यंत्रांनी पळवावयाचे! काही यंत्रे विद्यार्थ्यांनी चालवावयाची; पण काही अशी की, एकदा सोडल्यावर त्यांनी आपली वाट आपणच काढावयाची.

हे वाट काढणे दिसते तितके सोपे नाही. यंत्राचे एक चाक १०० मिलिमीटर व्यासाचे आणि दुसरे ९९ मिलिमीटरचे आहे, असे धरू. दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरली तरी पाच मीटर जाईतो एक चाक दुसऱ्याहून पाच सेंटिमीटर अधिक चालते. दोहोंत अर्ध्या मीटरचे अंतर असेल, तर यंत्र सुमारे पाव मीटर बाजूला जाते. एका मिलिमीटरचा हा प्रताप! शिवाय चाक घसरते, बॅटरी उतरते, ते वेगळेच.

म्हणून यंत्राला डोळा द्यावा लागतो. जमिनीवर पांढरी रेघ असते. यंत्राखालचा दिवा तीवर प्रकाश टाकतो. पांढऱ्यावरून तो अधिक परततो, काळ्यावरून कमी. त्यावरून आपण रेघेपासून किती ढळलो हे यंत्र मोजते आणि तेवढ्या प्रमाणात वळते. थोडी चूक, थोडे वळण. वळण जास्त दिले तर नवशिक्या सायकलस्वाराप्रमाणे ते नागमोडी जाऊ लागते. कमी दिले तर रेघ सुटते. हे प्रमाण पुस्तकात छापलेले नसते. ते पुन्हा पुन्हा यंत्र चालवूनच सापडते.

खानदेशच्या शेतकऱ्याला हे तत्त्व परके नाही. केळीच्या बागेत ठिबकचे पाणी घड्याळ लावून सोडता येते. पाऊस पडून गेला तरी ते सुटतेच. तेच जमिनीतील ओल मोजून सोडले, तर गरजेपुरते सुटते. पहिले यंत्र हुकूम पाळते, दुसरे परिणाम पाहते. स्पर्धेतला विद्यार्थी हे दुसऱ्या जातीचे यंत्र करावयास शिकतो.

आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकतो. परीक्षेत चुकीचे गुण कापले जातात, म्हणून मुले ती झाकतात. यंत्रापुढे चूक झाकून चालत नाही. ती मोजावी लागते, तेव्हाच दुरुस्त होते. हे शिक्षण पुढे कारखान्यात, शेतात, कोठेही उपयोगी पडते. तेव्हा मुलाचे यंत्र स्पर्धेत हरून परत आले, तर "कितवा नंबर आला?" हे आपण मागाहून विचारू. आधी विचारू, "कोठे चुकले, आणि ते तुला कसे कळले?" त्याला याचे उत्तर देता आले, तर त्याच्या रात्री फुकट गेल्या नाहीत असे खुशाल समजावे.