मळवलीचा चित्रछापखाना : विसाव्या शतकाच्या आरंभीचे महाराष्ट्रातील कलाजीवन

प्रास्ताविक

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल चिंचवड, आकुर्डी, तळेगाव, कामशेत अशी स्थानके घेत मळवलीला पोहोचते. येथून कार्ले व भाजे या लेण्यांकडे जाता येते. मात्र याच मळवलीत एकेकाळी राजा रविवर्मा यांचा चित्रछापखाना होता. पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यात आज उद्योग म्हटले की मोटारी व यंत्रांचे सुटे भाग आठवतात. त्यांच्या कितीतरी आधी याच लोहमार्गालगत देवदेवतांची चित्रे यंत्रावर छापली जात होती. या छापखान्याच्या आधारे आपण ब्रिटिश अमलाखालील महाराष्ट्रातील कलाजीवन समजून घेऊ.

पार्श्वभूमी

मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. छायाप्रकाश, यथार्थदर्शन आणि मानवी देहाचा अभ्यास या पाश्चात्त्य पद्धतीच्या गोष्टी तेथे शिकवल्या जात. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या प्रदर्शनांमुळे चित्रकारांना प्रेक्षक व पारितोषिके मिळू लागली. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे या कलाशाळेचे विद्यार्थी व पुढे तेथील अध्यापक. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मकथनात त्यांनी या संस्थेतील आपले दीर्घ वास्तव्य चितारले आहे.

तथापि, तैलचित्र हे संस्थानिक व धनिक यांच्या दिवाणखान्यापुरतेच राहत असे. सामान्य माणसापर्यंत ते कसे पोहोचावे, हा खरा प्रश्न होता.

छापखाना आणि त्याचे तंत्र

या प्रश्नाचे एक उत्तर रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढून दिले. थोड्याच काळात मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९९ च्या सुमारास छापखाना मळवलीस हलवण्यात आला. लोहमार्ग जवळ असल्याने कागद आणणे व तयार चित्रे पाठवणे शक्य होते.

येथील तंत्र शिळाछापाचे होते. गुळगुळीत केलेल्या विशिष्ट चुनखडीच्या शिळेवर स्निग्ध शाईने चित्र रेखाटले जाई. शिळा ओली केली की मोकळा भाग पाणी धरून ठेवी. रेखाटलेला स्निग्ध भाग पाणी झिडकारी आणि छपाईची शाई तेवढी घेई. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे. त्यामुळे एका चित्राच्या अनेक शिळा तयार होत आणि सगळे रंग कागदावर अचूक जुळावे लागत. म्हणजेच यंत्र आले तरी कुशल हातांची गरज संपली नव्हती. मूळ चित्र एकाचे असले, तरी घरात आलेली प्रत अनेकांच्या श्रमांची असे.

आर्थिकदृष्ट्या हा उद्योग रविवर्मा यांना पेलला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच तो त्यांचे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांच्या मालकीचा झाला. १९०६ साली रविवर्मा निवर्तले. छापखाना मात्र चालू राहिला. धुरंधरांची चित्रेही तेथे छापली गेली. जाहिरातींच्या छपाईनेही उद्योगाला आधार दिला.

काय साधले, काय हरवले?

या चित्रांमुळे लक्ष्मी, सरस्वती आणि पुराणकथांतील नायिका घराघरांतील भिंतींवर आल्या. ज्यांना देवळाच्या उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे, त्यांच्या घरीही देवाचे दर्शन होऊ शकले. कलेच्या इतिहासात ही गोष्ट लहान नाही.

त्याच वेळी आक्षेपही आले. ई. बी. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांना रविवर्मा यांची शैली नाटकी व पाश्चात्त्य अनुकरणाची वाटली. स्वदेशीच्या काळात अवनींद्रनाथ टागोर यांच्या बंगाली संप्रदायाने अजिंठा व लघुचित्रांकडे पाहिले. महाराष्ट्रात स्वदेशीने वेगळेही रूप घेतले : तळेगावला १९०८ साली लोकांच्या पैसाफंडातून काच कारखाना उभा राहिला. तेव्हा ‘स्वदेशी’ म्हणजे जुनी शैली, की परक्याचे तंत्र शिकून आपल्या माणसांसाठी केलेले उत्पादन, असा हा पेच आहे. रविवर्मा यांची चित्रे या दोन्ही अर्थांच्या मधोमध उभी आहेत : तंत्र परदेशी, विषय देशी, ग्राहक सामान्य. शिवाय एकच चेहरा हजारो घरांत गेल्याने देवतेची प्रादेशिक रूपे मागे पडली, हा तोटाही लक्षात घ्यावा लागतो.

१९७२ साली मळवलीचा छापखाना आगीत जळाला आणि त्यासोबत या इतिहासाचा मोठा ठेवाही गेला.

सारांश

वासाहतिक काळातील कलेचा विचार केवळ कलाशाळा व प्रदर्शने यांपुरता मर्यादित ठेवता येत नाही. छापखाना, रेल्वे, रोगराई, भांडवल आणि कारागिरांचे श्रम हेही त्या कलेचे घटक होते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. शिळाछापाचे तंत्र आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
२. रविवर्मा यांच्या चित्रांवरील आक्षेप आपल्याला कितपत मान्य आहेत? सकारण लिहा.
३. खंडेनवमीला आपल्या परिसरातील एखाद्या कारखान्यात यंत्रपूजेसाठी मांडलेली तसबीर पाहा. तिच्यातील वेशभूषा, पार्श्वभूमी व छायाप्रकाश यांची नोंद करून, त्यांत मळवलीच्या परंपरेचे काय उरले आहे ते दहा ओळींत लिहा.