गिरणीचा भोंगा आणि कायद्याची वेस

मध्यंतरी एका लग्नानिमित्त गुलबर्ग्यास जाण्याचा योग आला. सरकारदरबारी हे शहर २०१४ पासून कलबुर्गी झाले. पण भालकी-औरादकडच्या आम्हा मराठी मंडळींच्या तोंडी अजून गुलबर्गाच आहे. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारले, "एम. एस. के. मिलकडे जायचं ना?" गिरणी बंद पडून कैक वर्षे लोटली, पण वस्तीने तिचे नाव सोडलेले नाही. सहावे निझाम मीर महबूब अली खान यांच्या नावाची ही महबूबशाही गिरणी. माझे आजोळ याच शहरातले. आजोबा तिच्या भोंग्यावर घड्याळ लावीत.

हा भोंगा मुळात लँकाशायरचा. तेथे वाफेच्या यंत्राने कापूस कातायला सुरुवात केली आणि सहा-सात वर्षांची पोरे यंत्रापाशी उभी राहिली. १८१९ मध्ये मताधिकार मागण्यासाठी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात जमलेल्या निःशस्त्र जमावावर घोडदळ घातले गेले. १८३० मध्ये रिचर्ड ओस्लरने आपल्याच यॉर्कशायरातील बालमजुरीला गुलामगिरी म्हटले. १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुले घेण्यास बंदी झाली, आणि तपासणीसाठी अवघे चार निरीक्षक नेमले गेले. चार्टिस्टांच्या १८४२ च्या अर्जावर तीस लाखांवर सह्या होत्या; पार्लमेंटने तो फेटाळला. तरी १८४७ मध्ये स्त्रिया व किशोरवयीन मुले यांच्यासाठी दहा तासांचा कायदा झालाच. तो मंजूर करून घेणारा जॉन फील्डन स्वतः गिरणीमालक होता, हे विशेष!

इकडे १८७१ मध्ये मुंबईचा लोहमार्ग गुलबर्ग्यावरून रायचूरपर्यंत पोहोचला. कापूस मुंबईकडे जाऊ लागला, मागोमाग गिरण्याही आतल्या मुलखात आल्या. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यामागे दयाबुद्धी होती, तशीच मुंबईच्या स्वस्त कापडाची मँचेस्टरला वाटणारी धास्तीही होती. कायदाही तोकडाच. सात वर्षांखालील मुलांना बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास. प्रौढ मजुरांच्या तासांबद्दल अवाक्षर नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती व वेळेवर पगार मागितला. रविवारची सुटी पदरात पडली ती १८९० च्या जून महिन्यात. आज आपण रविवारी उशिरापर्यंत लोळतो, त्याची किंमत अशी कोणी तरी आधीच चुकती केली आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे. गंमत तरी कसली म्हणायची! सोलापूर आणि गुलबर्गा ही एकाच लोहमार्गावरची गावे. अंतर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. सोलापूर इंग्रजी अमलातले, म्हणून तेथील जुन्या गिरणीला १८८१ चा कायदा लागू. गुलबर्गा निझामाचे, म्हणून तो कायदा सरहद्दीवरच थबकला. कापूस, कोळसा, यंत्रे आणि भोंगा यांनी सरहद्द ओलांडली. कायद्याला मात्र वेस आडवी आली. निझामाच्या राज्याला स्वतःचा कारखाना कायदा मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

आणि हे कोणत्या मुलखात? येथून जवळच बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी तेथे हाताच्या कामाला, 'कायका'ला, पूजेचा मान दिला. श्रमाची थोरवी या मातीला साता समुद्रांपलीकडून शिकायची नव्हती. पण मान मिळाला तरी कामाचे तास आपोआप कमी होत नाहीत. त्याला सह्या लागतात, सभा लागतात, शेवटी कायदाही लागतो.

१९४८ मध्ये निझामी संपली, १९५६ मध्ये बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्याकडे राहिले, भालकी-औराद म्हैसूर राज्यात गेले. सरहद्दी अशा बदलतात, पण वेस काही मोडत नाही. परतताना डब्यात समोर एक कुटुंब होते. पुण्याला इमारतीच्या कामावर निघालेले, सोबत भांड्यांचे बोचके आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी. मी विचारले, "बाळ, शाळेचं काय?" तिने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "तिथं धाकट्याला सांभाळायला कोण हाय, दादा?"

कायदा आज तिच्याही बाजूचा आहे. तो त्या डब्यात मात्र चढलेला दिसला नाही.